घर पडले, करार उभा!

मृग जवळ आला की प्रत्येक सूज्ञ गृहस्थ घर शाकारून घेतो, छपरावर कललेला माड दोराने आवळून ठेवतो. हीच दक्षता आपण घराच्या कागदपत्रांत मात्र दाखवीत नाही. साठेखत झाले, विसार दिला, खरेदीखत व्हावयाचे आहे आणि तेवढ्यात वादळात छप्पर उडाले, तर नुकसान कोणाचे? मे २०२१ मधील तौक्ते वादळाने आणि त्याच वर्षीच्या जुलैतील सत्तरीच्या पुराने घरे कशी कोसळतात हे गोमंतकाला दाखविले. तरीही बहुतेक करारनामे या प्रश्नावर मुकेच आहेत.

करार मौन पाळतो तेथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा बोलू लागतो. त्याच्या ५४ व्या कलमानुसार केवळ साठेखताने मालमत्तेत हक्क उत्पन्न होत नाही. ५५ व्या कलमानुसार नाशाचा भार खरेदीदारावर येतो, तो मालकी त्याच्याकडे गेल्यावर; ताबा देईपर्यंत शहाण्या मालकाप्रमाणे घर सांभाळणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. हे खरेदीदाराला अनुकूल दिसते खरे. परंतु विसार कधी परत मिळावा, किंमत किती उतरावी, दुरुस्ती कोणी करावी, याचा तपशील कायदा ठरवून देत नाही. विम्याची रक्कम घर पूर्ववत करण्यासाठी मागण्याचा हक्क ४९ वे कलम खरेदीदाराला देते, पण ते आगीपुरतेच. पुराचा तेथे उल्लेख नाही!

भाड्याच्या जागेचे काय? आग, वादळ, पूर वा दंगलीने जागेचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला अथवा कायमचा निरुपयोगी ठरला, तर भाडेपट्टा रद्द करण्याचा पर्याय १०८ व्या कलमाने दिला आहे. नुकसान भाडेकरूच्या चुकीने झालेले नसावे, एवढीच अट. हा पर्याय भाडेकरूचा आहे, मालकाचा नव्हे. छप्पर कोसळताच 'आता निघा' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. महापालिकेने पाडलेल्या एका इमारतीच्या प्रकरणात, इमारत गेली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. मात्र पर्याय न वापरणाऱ्या दुकानदाराने पडक्या जागेचे भाडे भरत राहावे काय आणि नवी भिंत कोणी उभारावी, हे वाद उरतातच.

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की हे प्रश्न सही करण्यापूर्वी कागदावर सोडवावेत. नुकसान कोणी सोसायचे, विसार किती दिवसांत परतवायचा, विमा कोणी उतरवायचा, दुरुस्तीची मुदत किती आणि तोवर भाडे थांबणार की नाही, याला चार ओळी पुरतात. शेजारधर्माने झालेल्या व्यवहारात असे लिहिणे अविश्वासाचे वाटते, हे आम्ही जाणतो. परंतु न लिहिलेल्या चार ओळींपायी शेजारी न्यायालयाची पायरी चढतात, तेव्हा ना घर उरते ना शेजार. कौले पावसाआधी परततात. कराराचेही तसेच आहे.