डिझेल गाडीतील एका आवाजाचा शोध

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा आमच्याकडून संस्थेच्या इतिहासावरील लेखाची अपेक्षा असावी. आम्ही इतिहासाचे शिक्षक. त्यामुळे ती रास्तच होय. परंतु तो विषय या अंकात अधिकारी मंडळी हाताळणार आहेत. म्हणून आम्ही वसतिगृहाच्या जुन्या डिझेल गाडीविषयी आणि तिच्या इंजिनातून एका पावसाळ्यात येऊ लागलेल्या आवाजाविषयी लिहीत आहोत. हा विषय किरकोळ वाटेल. तथापि आज आपल्या समाजातील अनेक घरांसमोर डिझेल गाडी उभी आहे, कित्येक माजी विद्यार्थी प्रवासी वाहने चालवून संसार करीत आहेत आणि शेतातील इंजिन तर आपल्या ओळखीचे आहेच. त्या सर्वांना या अनुभवाचा उपयोग होईल, असे वाटते.

माजी विद्यार्थ्यांना ही गाडी आठवत असेल. बाजाराच्या दिवशी भाजीपाला आणणे, शिष्यवृत्तीची कागदपत्रे घेऊन वर्ध्याला जाणे, स्पर्धेसाठी मुलांना नागपूरला पोहोचवणे ही तिची रोजची कामे. रात्री-अपरात्री एखाद्या मुलास ताप चढला किंवा विंचू चावला, तर सेलू-पवनारमार्गे सेवाग्रामचे रुग्णालय गाठायचे तेही तिच्याच भरवशावर. त्यामुळे गाडीचा आवाज बदलला, ही आमच्यासाठी साधी बाब नव्हती.

आवाज असा होता : गाडी सकाळी सुरू केली की काही नाही. दहा-पंधरा किलोमीटर चालून इंजिन तापले आणि गाडी स्लोवर उभी राहिली, की पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवावेत तसा खडखडाट सुरू होई. वेग वाढवला की तो इतर आवाजांत बुडून जाई. आम्ही गाडी एका गॅरेजमध्ये दाखवली. तेथील मिस्त्रींनी क्षणभर कान दिला आणि निदान केले : "इंजिनच्या पोटातले बेअरिंग गेले. इंजिन खोलावे लागेल." खर्चाचा अंदाज साठ हजारांच्या आसपास. एवढी रक्कम काढायची तर मुलांच्या भोजनखर्चाला कात्री लावावी लागणार होती.

त्याच वेळी आमच्या गाडीचे चालक भाऊ हळूच म्हणाले, "सर, पोटातला आवाज नाही वाटत जी. बिरेक दाबला का आवाज बदलते." आम्ही हसून मान हलवली. ब्रेकचा आणि इंजिनाच्या आवाजाचा काय संबंध, असे आम्हांस वाटले. ही आमची चूक होती. ती का चूक होती, हे समजण्यासाठी डिझेल इंजिनाची थोडी ओळख करून घ्यावी लागेल.

डिझेल इंजिन मुळात आवाज का करते?

जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल याने १८९२ मध्ये आपल्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये आऊग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन यशस्वीपणे चालले. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. तेथे नुसती हवा सोळा ते बावीस पट दाबली जाते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे टोक तापते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. तोच नियम येथे लागू पडतो. इतकी दाबलेली हवा पाचशे अंश सेल्सिअसच्याही वर तापते. त्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा सोडला, की तो आपोआप पेट घेतो.

फवारा सुटणे आणि तो पेटणे यांत अत्यल्प काळ जातो. तेवढ्यात जमलेले इंधन एकदम पेटते आणि दाब झटक्याने वाढतो. त्यातून तो परिचित टणटणाट उत्पन्न होतो. इंजिन थंड असताना पेट घेण्यास जास्त वेळ लागतो, म्हणून हिवाळ्याच्या सकाळी हा आवाज अधिक असतो आणि इंजिन तापले की कमी होतो. हा आवाज म्हणजे बिघाड नव्हे. आमच्या गाडीचा आवाज मात्र नेमका उलट वागत होता. थंडपणी शांतता आणि तापल्यावर खडखड.

तापल्यावर येणारा आवाज तेलाकडे बोट दाखवतो. इंजिन तापले की त्यातील तेल पातळ होते, स्लोवर तेलाचा दाबही कमी असतो. धातूच्या दोन भागांमधील तेलाचा थर अशा वेळी विरळ होतो आणि झिजलेला भाग बोलू लागतो. बेअरिंग झिजले असता हेच घडू शकते. म्हणून गॅरेजमधील निदान अगदीच निराधार नव्हते. पण तेलावर चालणारा भाग इंजिनात एकच नसतो.

आवाज कोठून येतो, हे कानाला का कळत नाही?

ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. पोलादातून तो सुमारे ५००० मीटर वेगाने जातो. इंजिनाचा सांगाडा म्हणजे एकमेकांना बोल्टने घट्ट जोडलेला धातू. त्याच्या एका टोकाला ठोका पडला की सारा सांगाडा वाजतो. त्यामुळे बाहेर लटकलेल्या भागाचा आवाजही पोटातून आल्यासारखा भासतो.

यावर उपाय म्हणजे कान जवळ नेणे. माणसाने हे फार पूर्वी ओळखले आहे. बाजारात मडके घेताना आपली आई ते बोटाने वाजवून पाहते. चीर असेल तर ते बद्द वाजते. १८६७ मध्ये भुसावळहून नागपूरपर्यंत रेल्वे आली. त्याच मार्गावर आपले सिंदी स्थानक आहे. गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन चाके ठोकत जाणारे रेल्वे कामगार जुन्या पिढीने पाहिले असतील. चाकाला तडा असेल तर नाद बदलतो, हे त्यांचे शास्त्र. १८१६ मध्ये पॅरिसमध्ये लाएनेक नावाच्या डॉक्टराने कागदाची गुंडाळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि त्यातून पुढे स्टेथोस्कोप आला. मिस्त्री लोक लांब पेचकसाचे टोक इंजिनावर टेकवून त्याची मूठ कानाला लावतात, तो याच विद्येचा प्रकार होय.

शोधाची रीत

इंजिन खोलण्यापूर्वी आणखी एकास दाखवावे, असे आम्ही ठरवले. गावातील एक वयोवृद्ध मिस्त्री आले. त्यांनी पाना हातात घेण्याआधी चालक भाऊंना अर्धा तास प्रश्न विचारले. आवाज केव्हापासून? थंड असताना की तापल्यावर? चढावर की उतारावर? त्याआधी गाडीचे कोणते काम झाले होते? इतिहासाच्या वर्गात आम्ही मुलांना सांगतो, की प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराचे म्हणणे आधी नोंदवा, मग मत बनवा. तो धडा आमच्यासमोर गाडीच्या बॉनेटवर रेलून एक मिस्त्री गिरवीत होते.

मग त्यांनी एकेक शक्यता बाजूला सारली.

पहिले, तेलाची पातळी आणि तेलाचा दिवा तपासला. हा दिवा इंजिन चालू असताना पेटत राहिला, तर गाडी तेथेच बंद करावी; पुढे चालवणे म्हणजे खरोखरच इंजिन घालवणे. आमच्याकडे दोन्ही ठीक होते.

दुसरे, गाडी उभी ठेवून क्लच दाबला. आवाज बदलला असता, तर संशय क्लच किंवा गिअरबॉक्सवर गेला असता. तो बदलला नाही.

तिसरे, एकेका नोझलच्या नळीचा नट किंचित सैल केला. असे केले की त्या सिलिंडरमध्ये इंधन पेटत नाही, त्याच्या दट्ट्यावरचा आणि बेअरिंगवरचा भार उतरतो. दोष त्या सिलिंडरचा असेल तर ठोका मंदावतो. चारही सिलिंडर तपासून झाले. इंजिन लंगडले, पण खडखड तशीच राहिली. येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. ही कसोटी जुन्या पद्धतीच्या पंपाच्या गाडीवर आणि जाणकाराच्या हातूनच व्हावी. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या गाड्यांत डिझेलचा दाब एक हजार बारच्याही वर असतो. तेथे नट सैल केल्यास उडणारी धार कातडीत शिरून हात कायमचा गमावण्याची वेळ येते.

चौथे, आवाजाची दाटी पाहिली. इंजिन स्लोवर मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर झडपांचा शाफ्ट त्याच्या निम्म्या, म्हणजे ४०० फेऱ्यांनी फिरतो. झडपांच्या टॅपेटचा आवाज म्हणूनच संथ टिकटिक असा असतो. आमची खडखड फारच दाट होती. इंजिनाहून वेगाने फिरणाऱ्या कशाचा तरी तो आवाज असावा. अल्टरनेटरची पुली लहान असते, त्यामुळे तो इंजिनाच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक फेरे घेतो. पेचकस लावून पाहिला, तेव्हा अल्टरनेटरच्या बाजूलाच आवाज सर्वांत मोठा आला.

पाचवी कसोटी निर्णायक होती. इंजिन बंद करून फॅनबेल्ट काढला आणि जेमतेम अर्धा मिनिट इंजिन सुरू केले. या पट्ट्यावर पाण्याचा पंपही चालतो, म्हणून जास्त वेळ असे चालवता येत नाही. आवाज पूर्णपणे थांबला होता. मुले, स्वयंपाकघरातील ताई, आम्ही सारे तेथे उभे होतो. साठ हजारांचे बेअरिंग शाबूत होते.

ब्रेकचा संबंध

बेल्ट पुन्हा चढवला, इंजिन सुरू केले आणि मिस्त्रींनी चालक भाऊंना चार-पाच वेळा ब्रेक दाबायला सांगितले. प्रत्येक वेळी खडखड बदलली. भाऊ पहिल्या दिवसापासून हेच सांगत होते.

याचे कारण असे. पेट्रोल इंजिनात आत येणारी हवा झडपेने अडवली जाते, त्यामुळे तेथे आपोआप पोकळी निर्माण होते आणि त्या पोकळीच्या जोरावर ब्रेकला मदत मिळते. डिझेल इंजिनात हवा सहसा अशी अडवली जात नाही, म्हणून ही पोकळी निर्माण करण्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप बसवावा लागतो. आमच्या गाडीत तो अल्टरनेटरच्या पाठीमागे जोडलेला होता. पंपाच्या आत सरकणारी पाती असतात आणि त्यांना वंगण मिळते ते इंजिनाच्याच तेलाचे, एका बारीक नळीतून. ब्रेक दाबला की पोकळी भरून निघते आणि पंपावर भार येतो. म्हणून आवाज बदलत असे.

पंप खोलला, तेव्हा पाती झिजलेली आणि तेलाची नळी मुरगळलेली आढळली. काही महिन्यांपूर्वी बॅटरी चार्ज होत नव्हती, म्हणून अल्टरनेटर काढून एका ठिकाणी दुरुस्त करून घेतला होता. परत बसवताना नळी दबली असावी. तेल पुरेसे पोहोचेना, त्यात इंजिन तापून स्लोवर आले की दाब आणखी घटे आणि पंप कोरडा पडून वाजू लागे. कारणावाचून कार्य घडत नाही, हे वंदनेनंतरच्या प्रवचनात आमचे विद्यार्थी नेहमी ऐकतात. येथे ते कारण करंगळीहून बारीक नळीत अडकले होते. नवा पंप, नवी नळी आणि मजुरी मिळून पाच हजारांच्या आत काम झाले.

पैसे वाचले याचा आनंद होताच. पण त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही, ती दुसऱ्याच विचाराने. आवाज सुरू होण्याच्या सुमारास भाऊंनी ब्रेक जड लागतो, असेही सांगितले होते. आम्ही ब्रेकची स्वतंत्र तपासणी करवली, चाकांतील भाग ठीक आहेत असे कळले आणि विषय संपवला. वस्तुतः दोन्ही तक्रारींचे मूळ एकच होते. पंप पूर्ण बंद पडला असता, तर ब्रेकची मदत गेली असती आणि मुलांनी भरलेली गाडी थांबवायला पायाचा सारा जोर लावावा लागला असता. आणि साठ हजार खर्चून इंजिन खोलले असते, तरी तो पंप कदाचित तसाच परत बसवला गेला असता.

वाचकांनी आपल्या गाडीवर एक सोपी परीक्षा अवश्य करावी. गाडी सपाट जागी उभी करून, हातब्रेक लावून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. इंजिन बंद असताना ब्रेक चार-पाच वेळा दाबावा. पेडल कडक होईल. ते दाबून धरूनच इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर मदत मिळत आहे. गेले नाही, तर गाडी रस्त्यावर न काढता मिस्त्रींना बोलवावे.

आमच्यापुरते

आमचे चालक भाऊ सातवीपर्यंत शिकलेले; आम्ही एम. ए. पंधरा वर्षे ते रोज त्या इंजिनाजवळ बसत होते आणि आम्ही मागच्या आसनावर. तरीही त्यांचे म्हणणे आम्ही ऐकून सोडून दिले, कारण ते आमच्या भाषेत सांगितले गेले नव्हते. हाताने काम करणाऱ्याच्या ज्ञानाला खालच्या पायरीवर बसवण्याची या देशातील सवय किती जुनी आहे, हे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून शिकवत आलो. ती आपल्याही अंगात मुरलेली असू शकते, हे त्या दिवशी कळले. दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर सर्व मुलांसमोर आम्ही भाऊंची क्षमा मागितली. ते संकोचून एवढेच म्हणाले, "राहू द्या जी सर, गाडी बरी झाली ना."

तेव्हापासून संस्थेच्या प्रत्येक वाहनात एक वही ठेवली आहे. कोणता आवाज, केव्हा, थंड की गरम, ब्रेक-क्लच दाबल्यावर काय होते, मागील दुरुस्ती कोणती, हे चालकाने आपल्या शब्दांत लिहावे आणि मिस्त्रींकडे जाताना ती वही सोबत न्यावी, असा नियम आहे. पहिल्या वहीची पहिली दोन पाने भाऊंच्या हस्ताक्षरातील आहेत. माजी विद्यार्थी भेटीस येतील, तेव्हा त्यांनी ती कार्यालयात मागून अवश्य पाहावी.