‘स्पष्ट’मध्ये बसलेला हेर

‘स्पष्टच सांगतो’ म्हणताना आपण तोंड उघडतो खरं, पण हा शब्द मुळात डोळ्यांचा. संस्कृत ‘स्पश्’ म्हणजे पाहणं; त्यावरून आलेलं ‘स्पष्ट’ म्हणजे दिसलेलं. बोलण्याला तो नंतर चिकटला.

याच धातूतून ‘स्पश’ हा शब्द निघाला आणि त्याचा अर्थ चक्क हेर! ऋग्वेदात वरुणाचे स्पश जगावर नजर ठेवून असतात. लपून बघणारा आणि काही न लपवता बोललेलं, दोघांचं घराणं एकच. इंग्रजीतला ‘स्पाय’ त्यांचा दूरचा भाऊबंद. इन्स्पेक्टर, सस्पेक्ट आणि नाकावरचे स्पेक्टॅकल्सही त्याच गोतातले. संस्कृत ‘पश्यति’सुद्धा तिथलाच, फक्त आधीचा ‘स’ गळालेला.

मला सर्वांत प्रिय आहे तो पंचांगातला ‘स्पष्ट’. ग्रह एकसारख्या वेगानं सरकत नाहीत. म्हणून गणिती आधी सरासरी वेगानं त्यांची जागा काढतात, ती ‘मध्यम’. मग तिला संस्कार, म्हणजे दुरुस्त्या, देऊन आकाशात खरी दिसणारी जागा काढतात, ती ‘स्पष्ट’. या आकडेमोडीचं नाव ‘स्पष्टीकरण’! कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२०च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ रचला आणि हे किचकट गणित ‘ज्या’ म्हणजे साइनच्या कोष्टकांशिवाय करून दाखवलं. केवढी सोय झाली पंचांगकर्त्यांची! पंचांगात आजही ‘स्पष्ट ग्रह’ छापलेले सापडतात.

ब्रह्मगुप्तानं ६२८ साली लिहिलेल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथाच्या नावातला ‘स्फुट’ही स्पष्टच, पण तो कळीसारखा फुटून उघडलेला.

‘स्पष्ट’चा सोबती ‘रोखठोक’ आला पैशाच्या व्यवहारातून: बोलणंही रोखीचं, उधारी नाही. ‘साफ’ अरबीतला, फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला.

आता उलट बाजू. ‘संदिग्ध’मधला ‘दिह्’ म्हणजे लिंपणं, माखणं. संदिग्ध बोलणं म्हणजे वरून लिंपून टाकलेलं बोलणं. ‘संदेह’ आणि ‘देह’ त्याचेच. पावासाठी मळलेल्या कणकेचा इंग्रजी ‘डो’ही.

पण माखणं प्रत्येक वेळी झाकतंच असं नाही. ‘व्यक्त’मधला ‘अंज्’ म्हणजेही माखणंच, आणि तिथे माखल्यानं वस्तू उठून दिसते. डोळ्यांतलं अंजन त्याचंच. पानातली व्यंजनं त्याचीच, आणि क-ख-ग ही व्यंजनंही.