अफगाण पांघरूण
अफगाण पांघरूण : क्रोशाच्या आकडेदार सुईने लोकरीच्या वा तत्सम धाग्याचे टाके गुंफून तयार केलेले शोभिवंत पांघरूण. सोफ्याच्या पाठीवर, पलंगाच्या पायथ्याशी किंवा बसल्या जागी मांडीवर घेण्यासाठी ते वापरतात. सर्वसाधारण आकार सु. १२० × १५० सेंमी. असतो. अशा पांघरुणास ‘अफगाण’ म्हणण्याचा प्रघात मुख्यत्वे उत्तर अमेरिकेत आहे. अफगाणिस्तानातील शाली व गालिचे यांच्या भडक, वैचित्र्यपूर्ण रंगांवरून एकोणिसाव्या शतकात हे नाव रूढ झाले. मात्र त्या देशाच्या पारंपरिक हस्तव्यवसायाशी या विणकामाचा प्रत्यक्ष संबंध नाही.

इतिहास : क्रोशे विणकामाचे मुद्रित नमुने यूरोपात १८२० नंतरच्या दशकात प्रसिद्ध होऊ लागले. सुरुवातीस बारीक सुती धाग्याची जाळी विणण्याकडे कल होता. पुढे रंगीत लोकर सहज मिळू लागल्यावर पांघरुणांचा प्रसार झाला. विल्यम हेन्री पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८५६ मध्ये पहिला महत्त्वाचा कृत्रिम रंग (मॉव्ह) शोधून काढला. त्यानंतरच्या काही दशकांत नीळ, मंजिष्ठ यांसारख्या नैसर्गिक रंगांखेरीज शेकडो नव्या छटा उपलब्ध झाल्या. उरलेल्या धाग्यांपासून विणावयाच्या चौकटीचा नमुना एका अमेरिकन कृषिविषयक नियतकालिकात १८८५ मध्ये छापला गेला. हीच चौकट पुढे ‘ग्रॅनी स्क्वेअर’ (आजीची चौकट) म्हणून प्रसिद्धी पावली. १९५० मध्ये ऑर्लॉन या ॲक्रिलिक तंतूचे व्यापारी उत्पादन अमेरिकेत सुरू झाले. स्वस्त, धुण्यास सोपा व कसर न लागणारा असा हा धागा पांघरुणांसाठी सर्वत्र रुळला. लोकर मात्र अधिक ऊबदार असते व सहजासहजी पेट घेत नाही. ॲक्रिलिक उष्णतेने वितळते.

रचना : क्रोशे विणकामात एका वेळी बहुधा एकच फास सुईवर राहतो. त्यामुळे कोणत्याही टाक्यापाशी धागा बदलता येतो. जुन्या रंगाच्या टाक्याचा शेवटचा फास नव्या रंगाने ओढून घेतला, की रंगांची सीमा स्वच्छ येते. पांघरूण सलग पट्ट्यांचे, नागमोडी ओळींचे किंवा सुट्या चौकटी जोडून केलेले असते.

चौकटीचा प्रारंभ साखळीच्या लहान कड्यापासून होतो. त्यात तीन-तीन खांबांचे चार गट विणतात व गटांमध्ये साखळ्या सोडतात. पुढील प्रत्येक फेरीत कोपऱ्यांवर दोन-दोन गट येऊन चार गट वाढतात. पाच फेऱ्यांत अनुक्रमे ४, ८, १२, १६ व २० असे एकूण ६० गट होतात. म्हणजे एकट्या बाहेरच्या फेरीस एकतृतीयांश टाके लागतात, तर मधल्या तीन फेऱ्या मिळून दोनपंचमांश. मध्यभागी उरलेले तुकडे चालतात. बाहेरच्या फेरीचा रंग मात्र एकच ठेवून तो पुरेसा आणावा लागतो, तो याच कारणाने.

रंगयोजना : धाग्याचा गुंडा हातात घेतल्यावर दिसणारा रंग आणि विणल्यावर शेजारच्या रंगासह दिणारा परिणाम एक नसतो. पॅरिसमधील गोबलँ या चित्रजवनिकांच्या कारखान्यात रंगविभागाचे प्रमुख असलेले मीशेल यूजेन शेव्ह्रल (१७८६–१८८९) यांच्याकडे काळी लोकर फिकी दिसते, अशी तक्रार आली होती. तपासणीत लोकर निर्दोष ठरली. दोष शेजारच्या निळ्या व जांभळ्या रंगांचा होता. यावरून त्यांनी सहकालिक विरोधाचा नियम मांडला व १८३९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. शेजारी असलेले दोन रंग परस्परांतील भेद वाढवून दाखवितात, हे त्याचे सार होय. राखाडी धागा तांबड्याशेजारी हिरवट भासतो; तोच पांढऱ्याशेजारी गडद व काळ्याशेजारी फिकट वाटतो.

म्हणून रंगाच्या जातीपेक्षा त्याची गडद-फिकट पातळी आधी पाहणे श्रेयस्कर असते. तांबडा व हिरवा हे परस्परविरोधी असले, तरी समान पातळीचे असल्यास दुरून नमुना उठून दिसत नाही. डोळे किंचित मिटून पाहिल्यास किंवा धाग्यांचे कृष्णधवल छायाचित्र घेतल्यास हा दोष ध्यानात येतो. एक गडद, एक फिकट व एक-दोन मध्यम छटा घेतल्यास योजना सहसा फसत नाही. पुठ्ठ्याच्या पट्टीवर धागे नियोजित प्रमाणात गुंडाळून ती दिवसाच्या उजेडात व रात्रीच्या दिव्याखाली पाहावी. अरुंद पट्टे दुरून एकमेकांत मिसळतात. त्यामुळे तांबड्या-हिरव्याच्या बारीक ओळी तपकिरी भासू शकतात. भिन्न रंगांच्या चौकटी काळ्या, पांढऱ्या वा राखाडी अशा एकाच कडेने बांधल्यास विस्कळीतपणा नाहीसा होतो. चिंध्यांच्या गोधडीस सर्वत्र फिरणारा एकच धावदोरा एकजीव करतो. तेच काम येथे कड करते.

अलीकडे काही विणकर दररोज एक ओळ विणून त्या दिवसाच्या तापमानानुसार तिचा रंग ठरवितात. असे पांघरूण म्हणजे वर्षाच्या हवामानाची नोंदच होय.

दक्षता : एकाच नावाच्या छटेत रंगाईच्या घाणीगणिक सूक्ष्म फरक पडतो, म्हणून वेष्टनावरील लॉट क्रमांक पाहून सर्व गुंडे एकदमच घ्यावेत. गडद धागा पांढऱ्यासोबत भिजवून रंग उतरतो की नाही, हे आधी तपासावे. प्रत्येक फेरीस रंग बदलल्यास पाच फेऱ्यांच्या चौकटीत दहा टोके उरतात. १० सेंमी.च्या १८० चौकटींच्या पांघरुणात ती १,८०० होतात व सर्व टाक्यांत दडवावी लागतात, अन्यथा वीण उसवते. खरे क्रोशे विणकाम यंत्रावर होत नाही. त्यामुळे रंगाची निवड चुकल्यास कित्येक आठवड्यांचे हातकाम उसवण्यावाचून गत्यंतर नसते.

महाराष्ट्रात क्रोशाची सुई मुख्यतः सुती रुमाल, तोरणे व मेजपोस यांसाठी वापरली गेली. लोकरी चौकटींचे सामुदायिक काम भारतात अलीकडे वाढले आहे. चेन्नई येथे जानेवारी २०१६ मध्ये अनेक स्त्रियांनी विणलेल्या चौकटी जोडून ११,१४८.५ चौ. मी. क्षेत्रफळाचे पांघरूण तयार करण्यात आले व त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली.