मामाची मॅटेडोर, सांगली टू सातारा

तुमच्या लहानपणीच्या ट्रिपची गाडी आठवतेय? एसी नाही, सीटबेल्ट नाही, आठ जणांच्या जागेत पंधरा जण आणि मांडीवर चिवड्याचा डबा. सांगली-साताऱ्याकडे वाढलेल्या कुणालाही विचारा, उत्तर एकच येईल : मॅटेडोर! लग्नाचं वऱ्हाड, ऑर्केस्ट्राचे स्पीकर, मार्केट यार्डातली हळदीची पोती, औदुंबरची पौर्णिमा... काम कुठलंही असो, गाडी हीच. आज रेट्रोचा एवढा बोलबाला आहे, बुलेट आणि लँब्रेटावर लोक लाखो रुपये उधळतायत, पण मॅटेडोरकडे कुणी ढुंकून बघत नाही. अपवाद आमच्या घरातला. माझा मामेभाऊ गेली दोन वर्षं त्याच्या वडिलांची, म्हणजे माझ्या मामाची, १९८८ ची मॅटेडोर पुन्हा उभी करतोय.

मर्सिडीझचं हृदय, बॉस!

आधी थोडा फ्लॅशबॅक. 'टेम्पो' हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो, की ते एका ब्रँडचं नाव होतं हे विसरूनच गेलोय. जर्मनीत हॅम्बुर्गच्या एका कंपनीच्या गाड्यांचं हे नाव. १९५८ साली एन. के. फिरोदिया यांनी त्यांच्याशी सहकार्य करून बजाज टेम्पो सुरू केली. आधी तीनचाकी हॅन्सिट आली आणि १९६९ मध्ये मॅटेडोर. पुढे १९८० च्या दशकात कंपनीने मर्सिडीझचं ओएम ६१६ हे २.४ लिटरचं डिझेल इंजिन भारतात बनवायला घेतलं. जर्मनीत हेच इंजिन मर्सिडीझ २४० डी या गाडीत धावायचं. म्हणजे आपल्याकडे हळदीची पोती ओढत होतं ते हे खानदानी इंजिन! २००५ मध्ये बजाज टेम्पोची फोर्स मोटर्स झाली, पण टेम्पो हा शब्द मराठीत राहिला तो राहिलाच.

आणखी एक गंमत. मॅटेडोरची पुढची चाकं गाडी ओढतात. इंजिनपासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा शाफ्टच नाही, त्यामुळे फ्लोअर खाली. पोतं चढवायला सोपं, आजीला चढायलाही सोपं.

पुराचं पाणी आणि भंगारवाला

मामाने धंदा बंद केला २०१४ मध्ये. तेव्हापासून गाडी सांगलीत गावभागात घराच्या बाजूला उभी. मग ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी आहे ४५. मॅटेडोर छतापर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर दारातून, सीटखालून, दिव्यांतून गाळ निघाला. भंगारवाला आला, पंचेचाळीस हजार देतो म्हणाला. मामी म्हणाली, देऊन टाका. मामा काहीच बोलला नाही, फक्त आत जाऊन बसला. भंगारवाल्याला जे समजायचं ते समजलं.

दादा साताऱ्याच्या एमआयडीसीत नोकरीला. त्याने गाडी दुसऱ्या ट्रकवर चढवली आणि पेठ नाका, कराड करत साताऱ्याला आणली. तिथे त्याला मिस्त्री भेटले, वय पासष्ट, मॅटेडोरवरच हात बसलेला. साताऱ्यात असा माणूस मिळाला यात नवल नाही. कूपरची डिझेल इंजिनं याच गावची आणि महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया स्कूटरही इथेच बनायची.

मला वाटलेलं, सगळ्यात अवघड काम इंजिनचं असणार. मिस्त्री हसले. हेच इंजिन पुढे ट्रॅक्समध्येही आलं, त्यामुळे पिस्टन, रिंगा, हीटर प्लग अजून मिळतात. खरा त्रास काचेभोवतीच्या रबराचा, दिव्यांच्या काचांचा आणि दारांच्या हँडलचा. त्यासाठी दादाने पुणे, कोल्हापूरचे जुने बाजार पालथे घातले. आणि पत्रा! पुराने आतून खाल्लेला. लांबी भरून वरून रंग मारला तर दोन पावसाळ्यांत फुगणार. मिस्त्रींनी कुजलेला पत्रा कापून नवा जोडला. आतापर्यंतचा खर्च दोन लाख साठ हजार. मामाला दादा सांगतो, सत्तर.

ना तरुण, ना व्हिंटेज

खरी फाईट मात्र गॅरेजमध्ये नाही, कागदांमध्ये आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी हवी, खासगी वापराची हवी आणि चासी, बॉडी, इंजिनमध्ये मोठे बदल केलेले नकोत. मग 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, दहा वर्षांसाठी, फी वीस हजार. ही गाडी रोज फिरवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. म्हणजे १९७० ची मॅटेडोर आजच व्हिंटेज ठरू शकते.

पण १९८८ ची? ती आहे अडतीसच्या आसपास. व्हिंटेज व्हायला कोवळी आणि रस्त्यावर यायला म्हातारी. तिला बाकीच्या गाड्यांचेच नियम. मामाची गाडी व्यावसायिक नोंदणीची, म्हणजे आठ वर्षांनंतर दर वर्षी फिटनेस. खासगी करायची तर आरटीओची परवानगी, थकलेला कर, पर्यावरण कर आणि मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या सगळ्याच गाड्यांची ही गोची आहे. म्हणूनच याच पिढीच्या गाड्या सगळ्यात वेगाने भंगारात जातायत. ज्यांना आपण खरंच ओळखतो, त्याच.

इथेच बाप-लेकांचं वाजलं. दादाला हवी होती कॅम्पर व्हॅन : आत पलंग, छताला खिडकी, पिवळे दिवे. मामा म्हणाला, "आरं, गाडी हाय ती. लॉज न्हवं." दादा चिडला. खर्च मी करतोय, ठरवणार तुम्ही? महिनाभर दोघं गाडीबद्दल बोललेच नाहीत. मला मात्र दोघांचंही पटत होतं. ज्याने पंचवीस वर्षं तिच्यावर घर चालवलं त्याची ती जास्त, की जो तिला वाचवतोय त्याची?

तोडगा निघाला त्या नियमातूनच. छत कापलं, बॉडी बदलली, तर २०३८ मध्ये पन्नाशी गाठूनही ती व्हिंटेज ठरणार नाही. जशी आहे तशी ठेवली, तर ठरू शकेल. दादाने पलंगाचा प्लॅन गुंडाळला. सीट मूळच्याच पद्धतीने शिवून घेतल्या. मामा आज बहात्तरचा आहे. २०३८ चं गणित त्याने मनातल्या मनात केलं असणार, पण बोलला एवढंच, "रंग निळाच ठेव."

तुम्हालाही किडा चावलाय?

* आधी कागद, मग गाडी. आरसी, थकलेला कर, कर्जाचा बोजा तपासा. चासी नंबर स्वतः डोळ्यांनी वाचा.
* पुरात बुडालेली गाडी चालू करून बघू नका. इंजिनमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरीची वायर काढा, मग सगळी तेलं.
* पत्र्याला लोहचुंबक लावून बघा. जिथे चिकटत नाही, तिथे खाली नुसती लांबी आहे.
* काढलेला प्रत्येक मोडका भाग जपून ठेवा. नवा बनवायचा तर नमुना तोच.
* आणि ज्याने ती गाडी चालवली, तो माणूस असेपर्यंत काम सुरू करा. कुठला आवाज नॉर्मल आणि कुठला नाही, हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये नसतं.