उरलेल्या लाडवांवरून एकूण किती?

आज आपण गटाच्या हिशेबातलं एक गणित सोडवू. गटाने लाडू केले. एकूण लाडवांपैकी अर्धे दुकानात दिले, एक तृतीयांश आठवडी बाजारात विकले, डब्यात २० उरले. मग एकूण लाडू किती? अशी गणितं भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’तही आहेत.

जे माहीत नाही, त्याला आपण ‘क्ष’ म्हणू. क्षचे सहा सारखे भाग करा. अर्धे म्हणजे तीन भाग, एक तृतीयांश म्हणजे दोन. पाच भाग गेले, एक उरला. म्हणून क्ष भागिले ६ बरोबर २०. क्ष झाला १२०. ताळा करू: दुकानात ६०, बाजारात ४०, डब्यात २०. जुळलं!

आता एकच शब्द बदलू. अर्धे दुकानात दिले आणि ‘उरलेल्यांपैकी’ एक तृतीयांश बाजारात विकले. म्हणजे उरलेल्या अर्ध्याचे दोन तृतीयांश डब्यात राहिले. तो झाला एकूण लाडवांचा तिसरा भाग. क्ष भागिले ३ बरोबर २०, म्हणून क्ष ६०. दुकानात ३०, बाजारात १०, डब्यात २०.

डब्यात दोन्ही वेळा वीसच. पण लाडू १० रुपयांना असेल, तर बाजारातून एकदा ४०० रुपये यायला हवेत, एकदा १००. बाजारात बसलेल्या ताईने शंभर रुपये आणले आणि वहीत नुसतंच ‘एक तृतीयांश’ लिहिलेलं असेल, तर तिच्यावर विनाकारण संशय येतो. म्हणून वहीत ‘एकूणपैकी’ की ‘उरलेल्यांपैकी’ हे आपण लिहायचंच.