जुने वीजकेंद्र आणि उतारवयातील श्वास

चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. त्या काळी तेथे नोकरीला लागलेले तरुण आज निवृत्त झाले आहेत आणि त्यांपैकी अनेकजण त्याच धुराड्यांच्या परिसरात राहतात. २१० मेगावॉटचे पहिले दोन संच आता कायमचे बंद झाले आहेत. तरीही २१० मेगावॉटचे दोन व ५०० मेगावॉटचे पाच, असे एकूण २९२० मेगावॉटचे हे केंद्र राज्याच्या मोठ्या आधारांपैकी एक आहे. जवळ राहणाऱ्या ज्येष्ठांनी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनी या केंद्राचे कामकाज थोडे समजून घेतले, तर अनेक निष्कारण भीती दूर होतील आणि खरी काळजी कोठे घ्यायची तेही कळेल.

वाफ कोणती, धूर कोणता?

कोळसा पिठासारखा दळून बॉयलरमध्ये जाळला जातो. त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते आणि त्याला जोडलेले जनित्र वीज निर्माण करते. मधोमध निमुळत्या, रुंद मनोऱ्यांतून निघणारे पांढरे ढग म्हणजे थंड होणाऱ्या पाण्याची वाफ. त्यांना घाबरण्याचे कारण नाही. लक्ष ठेवायचे ते उंच, सडपातळ धुराड्यांवर. आपल्याकडील कोळशात राखेचे प्रमाण बरेच, अनेकदा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक असते. धुरातील ही राख विजेच्या भाराने खेचून घेणारी ‘ईएसपी’ नावाची यंत्रणा बहुतेक कण अडवते. मात्र अतिसूक्ष्म कणांचा काही अंश आणि सल्फर डायऑक्साइड वायू बाहेर पडतोच. पुढे हवेत या वायूपासूनही सूक्ष्म कण तयार होतात.

वय यंत्रालाही असते

राखेच्या घर्षणाने बॉयलरच्या नळ्या झिजतात, गळू लागतात आणि संच बंद करावा लागतो. पुन्हा पेटवताना आरंभी तेल जाळले जाते. त्या वेळी राख पकडणारी यंत्रणा पूर्ण क्षमतेने चालवता येत नाही आणि धूर अधिक काळा दिसतो. ज्या घरात दम्याचा किंवा ‘सीओपीडी’चा रुग्ण आहे, त्यांनी असा धूर दिसताच खिडक्या लावून घ्याव्यात.

नियमही वयानुसार बदलतात. केंद्र सरकारच्या डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने २००३ अखेरपर्यंत उभारलेल्या संचांना धुरातील कणांसाठी घनमीटरमागे १०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. २०१७ पासूनच्या संचांना ती ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे जुन्या संचाशेजारी राहणाऱ्याच्या वाट्याला कायद्यानेच अधिक धूळ येऊ शकते. फुप्फुस मात्र दोघांचे सारखेच असते.

शरीरावर काय होते?

अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण फुप्फुसाच्या अगदी खोल वायुकोशांपर्यंत पोहोचतात. त्यांतील सर्वांत बारीक कण रक्तातही उतरतात. त्यामुळे खोकला व दम्याबरोबरच हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोकाही वाढतो. वयानुसार फुप्फुसांची लवचीकता कमी झालेली असते, खोकून कफ बाहेर टाकण्याची शक्तीही उणावते. म्हणून तरुणाला जाणवणार नाही असा दिवस आजोबांना जड जातो.

घरच्यांनी काय करावे?

हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत साचते आणि धूर वर जात नाही. त्यामुळे पहाटेचे फिरणे टाळून ऊन चांगले तापल्यावर बाहेर पडावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर हवेचा निर्देशांक पाहण्याची सवय लावावी. उन्हाळ्यात राखेच्या बंधाऱ्यावरून वारा वाहत असेल, तर कपडे आत वाळवावेत. कोरडा झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. बाहेर जाणे अटळ असल्यास नाकावर नीट बसणारा एन-९५ मास्क वापरावा. रुमाल अतिसूक्ष्म कण अडवत नाही. मास्कने जीव घुसमटत असेल तर डॉक्टरांना विचारावे. घरात उदबत्ती, धूप व मच्छर अगरबत्ती यांचा धूरही कमी करावा. बरे वाटले म्हणून इन्हेलर स्वतःहून बंद करू नये. फ्लू व न्यूमोनियाच्या लसींविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

केंद्रात किंवा कोळसा खाणीत काम केलेल्या निवृत्तांनी तपासणीच्या वेळी आपल्या कामाचा इतिहास आवर्जून सांगावा: कोणत्या विभागात, किती वर्षे, धूळ व आवाज किती. फुप्फुसांची फुंकर-चाचणी आणि श्रवणचाचणी यांची गरज डॉक्टरांना त्यावरूनच ठरवता येते. ऐकू कमी येणे हे नेहमीच ‘वयाचे’ नसते.

एक वाक्य सलग बोलता न येणे, ओठ निळसर होणे, छातीत दुखणे किंवा अचानक गोंधळल्यासारखे वागणे, ही लक्षणे दिसल्यास वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

या केंद्राने कितीतरी घरांत दिवा लावला आणि ऊर्जानगरमधील अनेक संसार उभे केले. त्याबद्दलची कृतज्ञता रास्त आहे. परंतु जुन्या संचाचा धूर वेळच्या वेळी मोजला जावा, राख ओली व झाकलेली राहावी, असा आग्रह धरणे म्हणजे कृतघ्नता नव्हे. ज्यांनी ती भट्टी पेटती ठेवली, त्यांच्या उतारवयातील श्वासाचा तो हक्क आहे.