सुट्टीचे स्थळ आणि बालकाचे सात्म्य

चैत्र सरत आला आणि शाळांचे निकाल लागले की आपल्या दवाखान्यांत व औषधी दुकानांत एक संवाद हमखास घडतो. "वैद्यबुवा, मुलांना घेऊन फिरायला निघालो आहोत. उलटीवर, पोटावर काहीतरी देऊन ठेवा." आपण पुड्या बांधतो, अनुपान सांगतो, 'सुखरूप जाऊन या' म्हणतो. कोठे निघालात, हे मात्र क्वचितच विचारतो. तो प्रश्न विचारणे हा आपल्या चिकित्साकर्माचाच भाग आहे, हे मांडण्यासाठी हा लेखप्रपंच.

काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एक दांपत्य सात वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्याकडे आले. मुलाला गाडी लागते, एवढीच तक्रार होती. आम्ही सुंठ-साखरेच्या पुड्या दिल्या. पाचव्या दिवशी दूरध्वनी आला तो लेहहून. कुटुंब विमानाने तेथे उतरले होते आणि दुसऱ्याच दिवशी पँगाँग सरोवराकडे गेले होते. मुलाचे डोके दुखत होते, त्याने अन्न टाकले होते, उलट्या होत होत्या व तो सारखा पेंगत होता. 'बाहेरचे खाणे बाधले' असे समजून आईवडील आदल्या दिवसापासून आमच्याच पुड्या देत होते. त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावयास सांगितले. तेथे प्राणवायू देऊन नंतर त्याला खाली आणले गेले. मूल बरे झाले. परंतु आमच्या पुडीने त्याचा एक मोलाचा दिवस वाया घालवला, हे आम्ही विसरू शकत नाही. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर, लेह सुमारे ३,५०० मीटरवर आणि पँगाँगची वाट ५,००० मीटरहून उंच खिंडीतून जाणारी. 'कोठे?' हा एक शब्द आम्ही उच्चारला असता तर हे टळले असते.

देशविचार

वाग्भटांनी जांगल देश वातभूयिष्ठ, आनूप कफप्रधान व साधारण देश सममल सांगितला आहे. हा भेद सहलीच्या निवडीत अत्यंत उपयोगी पडतो. विदर्भातील ताडोबाचे उदाहरण घ्या. मे महिन्यात पाणवठे आटतात, वाघ उरलेल्या पाण्यावर येतो, म्हणून पर्यटक याच काळात गर्दी करतात. परंतु त्याच दिवसांत चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. व्याघ्रदर्शनाला जो काळ उत्तम, तोच बालकाला प्रतिकूल. ज्याचा घोळणा वारंवार फुटतो अशा पित्तप्रकृतीच्या मुलाला उघड्या जीपमधून तेथे नेणे म्हणजे निदानसेवनच होय. अशा कुटुंबाला दिवाळीनंतरचा काळ सुचवावा.

कोकण व गोवा हा आनूप प्रदेश. देशावरचे मूल मे महिन्यात तेथे गेले की घामाने भिजते, घामोळ्यांनी हैराण होते. त्यात आंबा-फणसाचा अतिरेक आणि मंदावलेला अग्नी यांमुळे अतिसारास निमंत्रण मिळते. तमकश्वासाची प्रवृत्ती असलेल्या मुलास दमट हवा सोसत नाही. कोकण टाळावे असे नव्हे. मार्गशीर्ष-पौषात हाच प्रदेश मुलांसाठी फार सुखावह असतो.

उन्हाळ्यात मुलांसाठी मध्यम उंचीची ठिकाणे आम्ही श्रेयस्कर मानतो. दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण सहा अंशांनी उतरते. महाबळेश्वर सुमारे साडेतेराशे, चिखलदरा सुमारे अकराशे, तर माथेरान सुमारे आठशे मीटरवर आहे. येथे उष्म्यापासून सुटका होते आणि विरळ हवेचा त्रासही होत नाही. माथेरानात मोटारींना मज्जाव असल्याने मुलांना मोकळे चालता येते. विदर्भातील कुटुंबाने चिखलदरा, खानदेशातील कुटुंबाने तोरणमाळ निवडले तर लांबचा प्रवासही वाचतो.

कालविचार

ग्रंथोक्त मासगणनेनुसार ज्येष्ठ-आषाढ हा ग्रीष्म होय; पण महाराष्ट्रात चैत्र-वैशाखातच ग्रीष्माची लक्षणे उमटतात, म्हणून महिन्यापेक्षा लक्षणांवर भर द्यावा. या ऋतूत बल क्षीण असते आणि व्यायाम व आतप वर्ज्य सांगितले आहेत. तेव्हा सकाळी दहापर्यंत भटकंती, दुपारी विश्रांती व सायंकाळी पुन्हा फिरणे, असा दिनक्रम जेथे जमेल तेच ठिकाण मुलांसाठी योग्य. एका दिवसात पाच स्थळे 'उरकण्याची' सहल तरुणांनाही थकवते. मग बालकांचे काय?

दुसरी गोष्ट ऋतुसंधीची. सरत्या ऋतूचे सात व येत्या ऋतूचे सात दिवस जपण्याचे असतात. जूनच्या पूर्वार्धात पावसाचे आगमन, शाळेचा आरंभ आणि प्रवासाचा शीण एकत्र आले की ज्वर-अतिसाराचे रुग्ण वाढतात, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. सहल मे महिन्यातच संपवावी, असे पालकांना सांगावे.

वयविचार व पादांशिक क्रम

सुश्रुतांनी एक वर्षापर्यंत क्षीरप, दोन वर्षांपर्यंत क्षीरान्नाद व त्यापुढे अन्नाद असे बालकांचे भेद केले आहेत. पहिल्या दोन गटांतील बालकांसाठी आमच्या मते आजोळ हेच उत्तम पर्यटनस्थळ. तेथे अन्न सात्म्य असते आणि सांभाळणारे हातही अनेक असतात. अन्नाद बालकाला दूर न्यावयाचे असल्यास जेवणात वरणभात, मुगाची खिचडी, ताक मिळेल काय, हे आधी पाहावे.

अहित सोडताना व हित स्वीकारताना चरकांनी पादांशिक क्रम सांगितला आहे. तोच देशांतरालाही लावावा, असे आमचे मत आहे. आधुनिक पर्वतवैद्यकाचा उपदेशही हाच आहे: सुमारे ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. विमानाने थेट लेहला उतरल्यास पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती हवी. लहान मुलाला 'डोके दुखते' हे सांगता येत नाही; ते किरकिर करते, खात नाही, खेळत नाही. बसल्या जागी धाप लागणे, चालताना झोक जाणे, गुंगी येणे यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ खाली उतरावे व रुग्णालय गाठावे. खाली उतरण्याला पर्याय ठरेल असे कोणतेही औषध नाही, हे आपण निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे.

औषधी दुकानदार बंधूंसाठी

प्रवासाची पिशवी मागणाऱ्या ग्राहकास सुंठ, मोरावळा, साळीच्या लाह्या, खडीसाखर, धणे-जिरे आणि जलसंजीवनीची पाकिटे द्यावीत. पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच पाणी घ्यावे, हे सांगावयास विसरू नये. घाटात गाडी लागणाऱ्या मुलाला प्रवासाआधी हलका आहार द्यावा व पुढच्या आसनावरील मोठ्यांनी मध्ये थांबण्याची तयारी ठेवावी. पुण्याहून महाबळेश्वरला जाताना पसरणीचा घाट चढण्यापूर्वी वाईस अर्धा तास विसावा घेतला तरी बराच फरक पडतो. मुलाचे नेहमीचे औषध चालू असल्यास ते परतीच्या दिवसापर्यंत पुरेल एवढे बरोबर द्यावे.

त्या मे महिन्यापासून आमच्या टेबलावर तीन प्रश्नांची एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: कोठे? किती दिवस? बालकाचे वय व प्रकृती काय? आपल्या गल्ल्याजवळही अशी चिठ्ठी असावी, ही सर्व वैद्यबंधू-भगिनींना व दुकानदारांना विनंती. उत्तरे मिळाल्यावर कधी स्थळ बदलावयास सांगावे लागेल, कधी केवळ महिना. पुडी त्यानंतर बांधावी.